भय्यासाहेबांचा सुरक्षित रस्ता

नाक्यावरची आडवी बल्ली वर गेली, श्रीरंगची सायकल तिच्याखालून रपट्याकडे निघाली, आणि विनतानं रोजच्यासारखी भय्यासाहेबांना मनातल्या मनात एक शिवी हासडली. शिवी नागपूरची होती, माहेरून इथे हिंदी मुलखात आणलेली. क्वार्टरच्या ओट्यावरून नाका दिसे, रपटा दिसे, आणि नवरा पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिच्या हातातला चहा तसाच गार होत राही.

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा दगडी पूल, कठडे नसलेला. उन्हाळ्यात त्याच्यावरून शेळ्या जात, पावसात पाणी जाई. त्यात बांधणाऱ्यानं काय खाल्लं होतं कोण जाणे, पूल मधोमध वाकडा केलेला. सरळ चालत राहिलं तर माणूस थेट डोहात. म्हणून दोन्ही कडांना कमरेइतके दगड रोवून ते चुन्यानं पांढरे केलेले होते. पाणी चढलं की लोक त्या दगडांच्या मधून जपून पाय टाकत जात. पाटनकडचे दूधवाले, बैलगाड्या, क्वार्टरांतली दारूगोळ्याच्या कारखान्याची माणसं, सगळ्यांचा हाच रस्ता. दुसरा होता, पण लांबचा. त्यानं गेलं तर भोंगा चुके आणि गेट बंद होई. त्या सप्टेंबरात लढाई जुंपली होती, कारखाना रात्रंदिवस चालू होता, आणि उशिरा येणाऱ्याकडे साहेब असा बघे की जणू यानंच सरहद्द उघडी टाकली.

हा रस्ता फुकट होता तोवर त्यात कुणाला धोका दिसला नव्हता. भय्यासाहेबांना दिसला. भय्यासाहेब शहरातल्या सराफ्यात राहत. पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर आले, हे ते पहिल्या भेटीत सांगत आणि दुसऱ्या भेटीत पुन्हा सांगत. मराठी मंडळाचे ते अध्यक्ष, रस्ता कमिटीचे मेंबर, आणि कारखान्याच्या साहेबलोकांच्या शेजारी खुर्ची टाकून बसणारे. त्यांनी सभेत हात जोडून सांगितलं होतं, की लोकांचा जीव त्यांना प्यारा आहे. म्हणून रपट्याला कठडे होतील, दिवा लागेल, आणि पाणी चढलं की रस्ता बंद करायला चोवीस तास माणूस बसेल. एवढ्यासाठी जाणाऱ्या-येणाऱ्यानं किरकोळ टोल द्यावा. टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या श्रीरंगनं वाजवल्या, हे विनताला शेजारच्या भानुमतीकडून कळलं.

कठडे आले नाहीत. दिवा आला नाही. बल्ली मात्र आठवडाभरात आली, तिच्या बाजूला बांबूच्या तट्ट्याची खोली आली, वर डांबरी कागदाचं छप्पर आलं, आणि खोलीत भय्यासाहेबांचा माणूस विष्णू येऊन बसला. ठेका कुणाच्या नावावर होता? भय्यासाहेबांच्या मेव्हण्याच्या. आता ह्यात कुणाला नवल वाटत असेल तर त्यानं खुशाल वाटून घ्यावं.

विष्णू माणूस वाईट नव्हता, पण त्याला सांगितलेलं काम एवढंच, की ज्यानं पैसे दिले नाहीत त्याच्यासाठी बल्ली खाली आणि ज्यानं दिले त्याच्यासाठी वर. पाणी चढलं तर काय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. एका सकाळी रपट्यावरून पाणी वाहत असताना पाटनच्या दूधवाल्याला त्यानं पावती दिली, बल्ली वर केली आणि जाऊ दिलं. दूधवाला कडेवरून गेला. नशिबानं बाभळीच्या फांदीत अडकला म्हणून वाचला. सायकल आणि दुधाचे कॅन डोहानं घेतले. विनता धावत नाक्यावर गेली.

"अरे, पाणी दिसत नव्हतं का तुला? काहून सोडलं त्याला?"

"रसीद तो काटी थी, दीदी," विष्णू म्हणाला. "रसीद कट गई, आगे उसकी मर्जी."

भय्यासाहेबांनी दुसऱ्या दिवशी सांगून टाकलं, की दूधवाला प्यायलेला होता. सकाळी सहा वाजता, दूध घेऊन निघालेला माणूस!

पण तो पडला कसा, ह्याची गोष्ट दगडांपाशी होती, आणि ती विनताच्या घरातूनच सुरू झाली होती. लढाई लागली तसा ब्लॅकआउटचा हुकूम निघाला. हुकूम दिव्यांचा होता. खिडक्यांना काळे कागद लावा, मोटारीच्या दिव्यांना अर्धा काळा रंग द्या, भोंगा झाल्यावर उजेड करू नका. समजण्यासारखं होतं. पण भय्यासाहेबांनी आपलं एक नागरी सुरक्षा पथक काढलं, आणि पथकाला काहीतरी काम लागतंच. त्यांनी विचार केला, की दिवा दिसतो तसा चुनाही चांदण्यात दिसत असेल. शत्रूचं विमान वरून बघेल, त्याला पांढऱ्या दगडांची ओळ दिसेल, ती धरून ते कारखान्यावर येईल. पथकाच्या प्रमुखाला त्यांनी सांगितलं, दगड काळे करा. पथकाचा प्रमुख दंडाला पट्टी बांधून, डांबराची बादली घेऊन गेला आणि सगळे दगड काळेकुट्ट करून आला. प्रमुख म्हणजे श्रीरंग.

"अहो, ते दगड माणसांसाठी होते ना?" विनतानं त्याला जेवताना विचारलं. "तुम्ही रोज तिथूनच जाता ना?"

"तुला राजकारण नाही समजत," श्रीरंग म्हणाला. "देशासाठी थोडं सोसावं लागते."

"देशासाठी? मेला तो मेव्हणा टोल घेऊन राहिला, आणि देश कुठून आला ह्यात?"

"हळू बोल. भिंतीपलीकडे ऐकू जाते."

श्रीरंग लेथवर बसला की सुताइतकी चूक खपवून घेत नसे, पण भय्यासाहेब दिसले की ह्या माणसाची पाठ आपोआप वाकायची. भय्यासाहेबांनी एक शब्द टाकला तर चार्जमनची बढती मिळेल, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. भय्यासाहेबांनीच सांगितलं असेल. विनताचा लग्नापासूनचा संताप हाच. माणूस चांगला, कष्टाळू, तिच्यावर जीव टाकणारा, आणि साहेबापुढे नुसतं पायपुसणं. तरीही तोच हवा होता. दूधवाला बाभळीला लटकलेला पाहिल्यापासून तिचा जीव रोज सकाळी त्याच्या सायकलीबरोबर रपट्यावर जाई.

ती सराफ्यात गेली. भय्यासाहेब गादीवर तक्क्याला टेकून बसले होते, समोर पानाचा डबा.

"या विनतावहिनी! श्रीरंगरावांनी काय काम केलं हो! पथकाचं नाव केलं."

"भय्यासाहेब, मी त्याच्यासाठीच आले. पाणी चढलं की ती बल्ली खाली टाकायला सांगा विष्णूला. एवढंच. कठडे नको, दिवा नको. आणि दगड पुन्हा पांढरे करू द्या. माणसं मरतील हो."

भय्यासाहेबांनी पान लावलं. सावकाश. मग त्यांच्या चेहऱ्यावर कळकळ आली, सभेत येते तशीच.

"वहिनी, तुमचा कळवळा मी समजतो. पण विचार करा. लढाई चालू आहे. कारखान्याच्या कामगाराचा रस्ता मी बंद करू? उद्या कोणी म्हणालं, ह्यानं दारूगोळा अडवला, तर? मी देशाला काय तोंड दाखवू?"

"जो टोल देत नाही त्याला अडवताच की तुम्ही. तेव्हा दारूगोळा नाही अडत का?"

"तो कायदा झाला," भय्यासाहेब म्हणाले. "चलो, पान घ्या."

ती पान न घेता उठली. घरी येईपर्यंत तिचं डोकं नुसतं भणभणत होतं.

ते भुलाबाईचे दिवस होते. क्वार्टरांतल्या मराठी पोरींनी भानुमतीच्या पडवीत भुलाबाई मांडली होती, तिच्यामागची भिंत चुन्यानं रंगवली होती, आणि ब्लॅकआउटमुळे गाणी दिवसाउजेडीच उरकून घेत. विनता संध्याकाळच्या खिरापतीला गेली तेव्हा कोपऱ्यात उरलेल्या चुन्याची बादली तिला दिसली. तिनं ती उचलली.

"काय करतेस?" भानुमतीनं विचारलं.

"येतेस का? भुलाबाईचा चुना आहे, वाया काहून घालवायचा?"

भानुमती आली. चार-पाच पोरी आल्या, हसत, नाचत. विष्णूनं बायका पाहिल्या, पोरी पाहिल्या, आणि त्याला वाटलं हा मराठी लोकांचा काहीतरी सण असेल. त्यानं बल्ली वर केली आणि टोलही मागितला नाही. त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं. अंधार पडायच्या आत दोन्ही बाजूंचे दगड पुन्हा पांढरे झाले. दुसऱ्या सकाळी श्रीरंग त्यांच्या मधून गेला आणि विनता कितीतरी दिवसांनी गरम चहा प्यायली.

हे सुख दुपारपर्यंत टिकलं. भय्यासाहेबांनी दगड पाहिले. त्यांना तिथे दगड दिसलेच नाहीत, शत्रूसाठी काढलेला बाण दिसला. कोणी काढला, हे विष्णूनं बिचाऱ्यानं विचारल्यावर सांगून टाकलं. संध्याकाळी श्रीरंग कारखान्यातून आला तो पांढराफटक पडून.

"विनता, काय करून बसलीस! भय्यासाहेब म्हणतात, आता हे प्रकरण वर जाईल. संरक्षणखात्यातल्या माणसाची बायको विमानाला रस्ता दाखवते, असं लिहून जाईल. माझी नोकरी जाईल, क्वार्टर जाईल. पोलीस येतील ना!"

"येऊ द्या. मी सांगते त्यांना."

"तू काही सांगायचं नाही!" तो पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला, आणि ओरडून स्वतःच घाबरला. "भय्यासाहेब चांगले आहेत म्हणून. ते म्हणाले, ब्लॅकआउटच्या भोंग्याच्या आत तुम्हीच आपल्या हातानं दगड काळे करा, मी फोटो काढून ठेवतो, मग कोणी बोट दाखवणार नाही. ते स्वतः येऊन राहिले आहेत."

"आज? अहो, वर पाऊस झालाय. सकाळपासून नाला चढून राहिला. बघा तरी!"

"गुडघाभर आहे," श्रीरंग म्हणाला आणि डांबराची बादली घेऊन निघाला. विनता पदर खोचून त्याच्यामागे धावली, पण तो पळतच गेला होता.

नाक्यावर ही गर्दी जमलेली. भय्यासाहेबांची जीप उभी, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस, पथकाचे सगळे पट्टीवाले, क्वार्टरांतली मंडळी. बल्ली वर होती. एवढं पाणी वाहत होतं, आणि बल्ली वर! श्रीरंग पाण्यात उतरला होता. डाव्या हाताला दगड, उजव्या हाताला दगड, दोन्ही रंगवत तो पुढे चालला होता. कॅमेरावाल्यानं फोटो काढला. कोणी तरी जयघोष केला.

विनतानं भय्यासाहेबांकडे पाहिलं नाही. तिनं पाण्याकडे पाहिलं. नवऱ्यानं मागे टाकलेला एकेक दगड नाहीसा होत होता. दिवस मावळत होता, पाणी काळं, दगड काळे. समोरचे पांढरे दगड त्याला दिसत होते, म्हणून तो सरळ पावलं टाकत होता. पण परत कसा येणार? हा शहाणा आपली परत यायची वाट आपल्याच हातानं पुसत चालला होता, आणि इथे उभ्या असलेल्या एवढ्या सुरक्षावाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"अहो, पुरे! फिरा मागे!" ती ओरडली. "रंगवू नका आता, फिरा!"

पाण्याचा आवाज मोठा होता. त्याला ऐकू गेलं नाही. तो वाकणापर्यंत पोहोचला होता आणि तिथे पाणी मांडीला लागलं. तो थांबला. पुढे जाववेना, म्हणून मागे वळला, आणि वळल्यावर तसाच उभा राहिला. इतक्या लांबूनही तिला कळलं, की त्याला काही दिसत नाही. त्यानं एक पाय पुढे टाकला, चाचपला आणि पुन्हा मागे घेतला. पाणी चढतच होतं.

"जीपचे दिवे लावा!" विनता भय्यासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. "लावा ना! त्यांना दिसत नाही!"

ड्रायव्हरचा हात बटणाकडे गेला. भय्यासाहेबांनी तो धरला.

"वहिनी, भोंगा होतो आहे. ऐका."

खरंच होत होता. कारखान्याचा भोंगा, लांब, वरखाली होणारा.

"आता दिवा लावणं गुन्हा आहे," भय्यासाहेब म्हणाले. "धीर धरा. श्रीरंगराव अनुभवी आहेत. पथकाचे प्रमुख आहेत."

पथकाचे बाकीचे वीर आपापल्या दंडावरच्या पट्ट्या नीट करत होते. कोणी दोरी आणायला पळालं नाही, कोणी पाण्यात पाय घातला नाही. विनतानं त्या सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं. मग ती नाक्याच्या खोलीत शिरली. आत विष्णूचा कंदील होता, काळा कागद गुंडाळलेला. तिनं कागद ओरबाडला, वात वर केली, बाहेर आली आणि तो पेटता कंदील तट्ट्यावर असा हाणला की काच फुटून रॉकेल भिंतीवर उडालं.

"अरे मेरी पेटी!" विष्णू आत धावला आणि गल्ल्याची पेटी उराशी धरून बाहेर पडला. तोवर आग छपराला लागली होती. डांबरी कागद असा धडधडून पेटला, की नाला, रपटा, दोन्ही काठ, सगळं लाल उजेडात लख्ख दिसायला लागलं. बल्लीनंही पेट घेतला.

"विझवा! विझवा!" भय्यासाहेब नाचायला लागले. "विमानं येतील! अहो, विमानं येतील इथे!"

"येऊ द्या," विनता म्हणाली. "त्यांच्याकडूनही टोल घ्या."

विझवायला पाण्याचा तोटा नव्हता, पुढ्यात नाला फुगला होता. पण त्यात उतरून बादली भरायची कुणाची तयारी नव्हती. आग निवांत जळत राहिली. विनता काठाशी उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती, डावीकडे, डावीकडे, आता सरळ, आणि आता ती रडतही होती, मोठ्यानं, कुणाची लाज न बाळगता. श्रीरंगला दगड दिसत होते. काळे असले तरी उजेडात ओले चमकत होते. तो एकेका दगडाला मिठी मारत, पुढच्याकडे हात लांबवत आला. एकदा त्याचा पाय सुटला आणि ती किंचाळली, पण त्यानं दगड सोडला नाही. भानुमती आणि ती मांडीएवढ्या पाण्याची पर्वा न करता पुढे गेल्या आणि त्याला दंडाला धरून ओढून काठावर आणलं.

तो थंडीनं कुडकुडत होता, ओठ निळे. पण बादली हातात होती, ब्रशसकट. जीव जाईल पण सरकारी डांबर जाऊ देणार नाही, असा हा माणूस. विनतानं त्याचं तोंड पदरानं पुसलं, केसांवरून हात फिरवला, जिवंत आहे ना हे पाहिलं. त्याला आता काहीतरी बोलावंसं वाटत होतं. तिला वाटलं, आपलं नाव घेईल.

श्रीरंगनं तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं, ओल्या अंगानं होता होईल तेवढा ताठ झाला आणि म्हणाला, "भय्यासाहेब, माफ करा. सहा दगड राहिले."

विनताचे डोळे कोरडे झाले. जळत्या नाक्याच्या उजेडात तिनं भय्यासाहेबांना आपादमस्तक पाहिलं. परीटघडीचा सदरा, धुतलेलं धोतर, टोपी. त्या सगळ्या गर्दीत एवढं पांढरं दुसरं काही नव्हतं.

तिनं नवऱ्याच्या हातातली बादली घेतली, डांबरात ब्रश चांगला बुडवला, आणि भय्यासाहेबांना काही कळायच्या आत टोपीपासून थेट धोतरापर्यंत एक जाड पट्टा ओढला.

"सहा नाही हो," ती श्रीरंगला म्हणाली. "सात राहिले होते."